बसून वाजवणारा इस्माईल

माणसाचा चेहरा मी विसरतो, नाव तर हमखास विसरतो. पण एकदा तोंड उघडून आत डोकावलं की ते तोंड कायमचं लक्षात राहतं. धंदाच तसा होता माझा. नाशकात भद्रकालीच्या अलीकडे माझं दातांचं दुकान होतं. दवाखाना म्हणायचं धाडस मी कधी केलं नाही. मुंबईला एका चिनी दंतवैद्याच्या हाताखाली काही वर्षं काढली, दात उपटायला आणि रबराची कवळी घडवायला शिकलो आणि गावी येऊन दारावर दातांचं चित्र काढलेली पाटी टांगली. पदवी नव्हती. लोकांनीच आपणहून डॉक्टर करून टाकलं आणि आयता मिळालेला मान नाकारण्याइतका मी साधू नव्हतो. त्या खुर्चीत नाशकातली कितीतरी बडी तोंडं आ वासून बसली. त्यातलं एकच तोंड अजून आठवतं आणि आठवलं की जीव कासावीस होतो. ते इस्माईलचं.

गावात त्याला इस्माईल क्लॅरोनेट म्हणत. आडनाव कुणी विचारलं नाही. दूधबाजारातल्या बँडात तो सगळ्यांच्या पुढे चालायचा. बँड त्याच्या मामांचा, गफूरमामूंचा. इस्माईलचे आईबाप तो लहान असतानाच गेले. मामूंनी भाच्याला वाढवलं, वाजवायला शिकवलं आणि पुढे अख्खा बँड त्याच्यावर चालवला. मुलीचं लग्न ठरलं की बाप भटजींकडून तिथी काढून घ्यायचा आणि तडक मामूंचा ओटा गाठायचा. "त्या दिवशी इस्माईल मोकळा आहे ना? मग पक्की तिथी." नसला मोकळा तर भटजींना दुसरी तिथी काढावी लागे आणि पंचांगात ती सापडेसुद्धा! माझ्या लग्नात सासऱ्यांनी जेवणातलं एक पक्वान्न रद्द केलं, पण क्लॅरोनेट इस्माईलचाच आणला. जिलबी हुकल्याचं दुःख माझे काका मरेपर्यंत उगाळत होते. मी मात्र त्या वरातीत घोड्यावर बसून नवरीऐवजी बँडाकडेच बघत होतो, असं आमची ही अजून ऐकवते.

दिसायला तो काही खास नव्हता. उंच, किडकिडीत, खांदे किंचित पुढे आलेले. बँडाचा लाल कोट कुठल्या तरी बुटक्या माणसाच्या मापाचा असावा, कारण त्याच्या बाह्या मनगटाच्या वरच संपायच्या. चाळिशी जवळ आली होती. बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत वारली आणि त्याने पुन्हा निकाह केला नाही. बोलणं अगदी बेताचं, कारण वाजवायच्या आधी क्लॅरोनेटच्या तोंडाशी बसवायची वेताची पातळ पत्ती ओली करायला तो तोंडात धरून बसायचा आणि ही त्याची पत्ती सदा भिजतच असायची. कुणी घाई केली की तोंडातल्या तोंडात म्हणायचा, "थांबा, पत्ती भिजतेय." वरातीचा घोडा खिंकाळतोय, नवऱ्याचा बाप तांबडालाल झालाय, आणि हा भिंतीला टेकून शांत. पुढे पुढे तो हे कशालाही म्हणायला लागला. मामूंनी दुसऱ्या लग्नाचं काढलं तरी उत्तर तेच, "पत्ती भिजतेय, मामू." मामू कपाळाला हात लावायचे.

आमच्या नाशकाचे बोळ किती अरुंद, ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. लग्नसराईत दोन वराती एकाच बोळात समोरासमोर यायच्या आणि अडकायच्या. मागे कोण सरणार? भांडून उपयोग नसे, दोन्हीकडचे व्याही फुगलेले. मग रीत अशी पडली होती की दोन्ही बँडांनी वाजवायचं. ज्याचा क्लॅरोनेट आधी थकेल, ज्याचा सूर आधी फुटेल, त्याच्या वरातीने भिंतीला चिकटून दुसऱ्याला वाट द्यायची. सराफ बाजाराच्या तोंडाशी असले सामने मी किती पाहिले! इस्माईल डोळे मिटायचा, कोपर अंगाशी घट्ट धरायचा आणि सूर चढवत चढवत अशा ठिकाणी नेऊन ठेवायचा की समोरचा वाजवणारा स्वतःचं वाद्य खाली करून ऐकत राहायचा. एकदा तर समोरच्या वरातीतला नवरदेवच घोड्यावरून उतरला आणि "जाऊ द्या रे त्यांना" म्हणाला. त्याच्या सासऱ्यांना राग आला, पण तोवर घोडा भिंतीला लागला होता.

एवढ्या कौतुकातही इस्माईल एक गोष्ट कधी करत नसे. तो वरातीत मागे वळून बघत नसे. बँडाच्या शेवटच्या ओळीत बाबूचाचा म्हणून एक म्हातारा झांज वाजवत चालायचा. हा बाबूचाचा एके काळी त्याच बँडाचा पहिला क्लॅरोनेट. मामूंनी सुरुवात करून दिल्यावर इस्माईल पुढचं ज्याच्याकडे शिकला तो वस्ताद. पुढचे दात गेले आणि सूर गेला. क्लॅरोनेटची काळी तोंडी वरच्या पुढच्या दातांवर टेकवावी लागते, सगळा जोर तिथेच येतो. दात गेले की कारभार आटोपला. पण बँडात जुन्या माणसाला हाकलायची पद्धत नव्हती. त्याला झांज द्यायचे. दात गेले की झांज, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि यात दयाच होती, मामूंची तर नक्कीच. बाबूचाचाला दोन वेळचं जेवण होतं, लाल कोट होता, लग्नातला पेढा होता. पण वस्तादाच्या जागेवर ज्या दिवशी इस्माईल उभा राहिला, त्या दिवसापासून त्याने वस्तादाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. ईदेला सलाम करायचा तोसुद्धा खाली बघूनच.

एका शुक्रवारी, नमाज आटोपून बाजार दुपारच्या उन्हात पेंगत असताना तो माझ्या दुकानात आला. आत शिरला आणि स्वतःच दाराला कडी घातली. मला वाटलं, काही मारामारी झाली की काय.

"डॉक्टरसाहेब, जरा बघा."

मी बघितलं. वरचे पुढचे दात बोटाने ढकलले तर हलत होते. हिरड्या सुजलेल्या, पू धरलेला. पायोरिया. त्या दातांच्या कडांना तोंडी टेकवून टेकवून खाचा पडल्या होत्या, दगडी पायरी झिजते तशा. मी पुष्कळ तोंडं पाहिली होती, पण आपल्या कामाने आपलेच दात असे झिजवलेला माणूस पाहिला नव्हता.

"किती दिवस झाले?"

"लय दिवस. आता वरचा सूर लावला की कळ थेट डोळ्यात जाते."

"हे दात राहायचे नाहीत, इस्माईल."

तो खुर्चीत ताठ उठून बसला. "मामूंना सांगायचं नाही. कुणालाच सांगायचं नाही. अल्ला की कसम खाओ." मी ब्राह्मणाचा मुलगा, अल्लाची शपथ कशी घेऊ, असं म्हणून मी चेष्टा करायला गेलो, पण त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. माझी चेष्टा जागीच मेली. "नाही सांगत," मी म्हणालो.

"मामूंना कळलं तर ते ओरडणार नाहीत, साहेब. ओरडले असते तर बरं. ते उठतील आणि माझ्या हातात झांज देतील. प्रेमाने देतील." आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला. मी पाणी दिलं. तेही त्याच्या दातांना झोंबलं.

मी चांदीच्या तारेने ते दात शेजारच्या पक्क्या दातांशी बांधले. हा काही इलाज नव्हता, दिवस ढकलणं होतं. तो दर शुक्रवारी यायचा, मी तार आवळायचो. तार दिसू नये म्हणून हसताना तो तोंडावर हात धरायला लागला. लोकांना वाटलं, मोठ्या लोकांत वावरून नखरे शिकला. तो मग गाणी खालच्या पट्टीत वाजवायला लागला आणि कुणी फर्माईश केली तर म्हणायचा, "हल्ली हेच चालतं."

मग तो दिवस आला. सराफ बाजारातलीच वरात. समोरून मालेगावचा बँड आला. त्यांच्याकडे एक तरणाबांड क्लॅरोनेटवाला होता, गालांचे फुगे करून वाजवणारा. बोळ अडला. लोक गच्च्यांवर चढले. नाशिककरांना निकाल आधीच ठाऊक होता, त्यामुळे लोक फक्त मजा बघायला आले होते. मीही माझ्या गिऱ्हाइकाला तोंड उघडं ठेवून बसायला सांगून बाहेर आलो होतो.

इस्माईलने सुरुवात झकास केली. सूर चढला. आणखी चढला. आता पुढचा सूर लागला की समोरचा गार, अशा जागी येऊन तो थांबला. सूर फुटला नाही हं, तो थांबला. क्लॅरोनेट खाली केला, समोरच्या पोराला सलाम केला आणि बाजूला झाला. मग ओरडा सुरू झाला. ज्यांच्या मुलाची वरात होती ते सावकार थयथयाट करायला लागले. मामू गर्दीतून वाट काढत पुढे आले.

"क्या हुआ रे तुझे? रुका कायको?"

इस्माईल मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मला असलं रस्त्यात उभं राहून वाजवायची लाज वाटते, मामू. गाढवासारखं चालायचं आणि वाजवायचं. मी थेटरात चाललोय. तिथं खुर्ची मिळते."

मामूंसारखा शांत माणूस मी पाहिला नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी भर बोळात भाच्याला अशा शिव्या दिल्या की शेजारच्या माळ्यावरल्या बायका आत गेल्या. "नमकहराम! माझ्या घरचा घास खाऊन मला गाढव म्हणतो? आजपासून माझ्यासाठी मेला तू. उतार तो कोट." इस्माईलने लाल कोट उतरवला, घडी करून मामूंच्या हातात दिला आणि बनियनवर चालत निघून गेला. यातलं खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मी दुकानात परतून गिऱ्हाइकाच्या उघड्या तोंडापाशी बसलो.

दुसऱ्या दिवशी त्याने दात काढून घेतले. सगळे वरचे. मी एकेक काढत होतो आणि तो ताटलीत पडणारा प्रत्येक दात बघत होता. शेवटी म्हणाला, "कवळी करा. पण चिनी मातीचे दात नकोत. हेच बसवा तिच्यात. यांना तोंडीची सवय आहे."

दातांना सवय असते असं मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. माझ्या चिनी मास्तरने ऐकलं असतं तर मला हाकलून दिलं असतं. पण मी ते दात उकळून, घासून, लाल रबराच्या पट्टीत बसवले, त्या खाचांसकट. हिरड्या भरून यायला वेळ लागला, तोवर तो पेज पीत होता आणि माझ्या दुकानात मागच्या बाजूला पडवीत बसून असायचा. कवळी चढवून पहिल्यांदा त्याने क्लॅरोनेट तोंडात धरला. नुसती फुस्स हवा आली. मग घोगरा आवाज. मी कानस घेऊन रबर घासलं, त्याने पुन्हा फुंकलं. दिवसांमागून दिवस हे चाललं. आणि एका सकाळी सूर लागला. स्वच्छ. वरचासुद्धा. आमची ही स्वयंपाकघरातून पळत आली. मी म्हणालो, "इस्माईल, जिंकलास. जा, मामूंकडे जा."

त्याने उठून चालून बघितलं. बँडात चालतात तशा ताठ पावलांनी, पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसऱ्याच पावलाला कवळी टाळूपासून सुटली आणि सूर किंचाळला. पुन्हा चालला, पुन्हा सुटली. मी कवळीच्या टाळूकडच्या बाजूला खाच पाडून बघितली, डिंकाची पूड लावून बघितली, रबर आवळून इतकं बसवलं की त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं. बसला की सूर उत्तम. पाऊल उचललं की गेला. बँड म्हणजे चालणं. वरात काही इस्माईलसाठी बसून राहणार नव्हती.

म्हणजे बोळात लोकांना सांगितलेली थाप आता खरी करून दाखवणं भाग होतं. आणि नशिबाने ती खरी झाली. गावात तेव्हा मूकपट लागायचे. पडद्याखाली पेटी, तबला आणि एखादं वाद्य घेऊन चारदोन माणसं बसायची, चित्राप्रमाणे वाजवायची. इस्माईलला तिथे जागा मिळाली. पडद्यावरचा नायक नदीत उडी टाकायचा आणि खाली इस्माईलचा क्लॅरोनेट असा काही रडायचा की लोक चित्र सोडून वाकून अंधारात बघायचे. तो खरोखर सुखात होता तेव्हा. "डॉक्टरसाहेब, बसून वाजवताना स्वतःचं वाजवणं ऐकायला येतं. बँडात ढोलापुढे मला माझंच ऐकू येत नव्हतं." गाव म्हणायचं, शेफारला. मामू चहाच्या दुकानात त्याचं नाव निघालं की थुंकायचे. इस्माईलला ते कळायचं आणि त्याला बरं वाटायचं. "रागावलेत ना? रागावू दे," तो म्हणायचा. किती समाधानाने म्हणायचा!

आणि मग बोलपट आला. थेटराच्या दारात आवाजाच्या यंत्राच्या मोठाल्या पेट्या उतरल्या, गावातलं निम्मं माणूस त्या बघायला लोटलं. मीही गेलो, आवडलंही मला, खोटं कशाला बोलू? पडद्यावरची बाई तोंड हलवते आणि तिचाच आवाज येतो, याची नवलाई होतीच. पडद्याखालच्यांची कामं गेली. पेटीवाल्याने शिकवण्या धरल्या. तबलजी तमाशाच्या फडाबरोबर निघून गेला. इस्माईल मात्र रोज थेटरात जात राहिला. पुढच्या बाकाचं तिकीट काढायचा आणि क्लॅरोनेट मांडीवर घेऊन, पूर्वी त्याची खुर्ची असायची तिथे बघत बसायचा. नाटक कंपन्यांकडे जाऊन आला. त्याच आपला गाशा गुंडाळायच्या बेतात होत्या. एका दुपारच्या खेळाला पडद्यावर गाणं चालू असताना त्याने क्लॅरोनेट काढला आणि बरोबर वाजवायला लागला. लोकांनी आधी शिट्या मारल्या, मग शेंगांची टरफलं फेकली. मॅनेजरच्या माणसांनी त्याला दंडाला धरून ओढलं. त्या ओढाताणीत कवळी तोंडातून निसटली. अंधार होता म्हणून कुणी बघितलं नाही. त्याने गुडघ्यावर रांगून ती शोधली.

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे त्याने रुमाल उघडला. कवळीचे दोन तुकडे झाले होते. मी ती सांधली, पण सांधलेली कवळी ती सांधलेलीच. आता बसूनसुद्धा ती नीट धरेना.

"नवी करतो," मी म्हणालो.

"किती नव्या कराल?" तो म्हणाला. "मला सांगा, मी आता कुठे बसू?"

मी म्हणालो, "मामूंकडे जा. काय व्हायचं ते होईल." त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी त्याला विहिरीत उडी मारायला सांगतोय. "सगळ्या गावापुढे त्यांना गाढव म्हणालोय मी. आता दात दाखवत परत जाऊ? ते माफ करतील, साहेब. हेच तर सोसायचं नाही." त्यानंतर तो दुकानात आला नाही. त्याच्या खोलीला कुलूप होतं. नदीवर, धर्मशाळेत, स्टेशनवर, जमेल तिथे विचारपूस केली. वाईट वाईट विचार मनात यायचे आणि गोदावरीला कुणी वाहून आलंय असं कानावर आलं की मी दुकान टाकून बघायला धावायचो.

बरेच महिने गेले. एका दुपारी मामू माझ्या दुकानात आले. मला वाटलं दाढ दुखतेय. खुर्चीकडे मी हात केला, पण ते बाकावरच टेकले. म्हातारे झाले होते एकाएकी.

"तुम्ही लासलगावला बाजाराला जाता ना, डॉक्टरसाहेब?"

जायचो. बाजाराच्या दिवशी तिथे एका दुकानाच्या ओसरीवर बसून दात उपटायचो.

"आमची पोरं विंचूरला लग्नाला गेली होती. त्यांना कळलं, इस्माईल तिकडंच आहे. गावोगाव तंबूत बोलपट दाखवणाऱ्या एका टॉकीबरोबर फिरतोय." मग थांबून म्हणाले, "त्याची कवळी तुम्हीच केली ना?"

मी चमकलो. मामू हसले, पण ते हसणं नव्हतंच.

"मी वाजवायला शिकवलं त्याला. तो खालच्या पट्टीत वाजवायला लागला तेव्हाच मला समजलं, दात गेले. रोज वाट बघत होतो, आज सांगेल, उद्या सांगेल. नाही सांगितलं. मग त्या दिवशी बोळात थांबला, थेटराचं नाव काढलं. म्हटलं, चला, निदान ताठ मानेनं जातोय. मी तेव्हा गप्प राहिलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, मामू गप्प कसे? म्हणून ओरडलो. आई-बहिणीवरून ओरडलो. माझ्याच बहिणीचा पोर आहे तो." त्यांनी डोळे पुसले. "चहाच्या दुकानात थुंकत होतो, ते त्याच्या कानावर जावं म्हणून. आता बास झालं. त्याला सांगा, घरी ये. झांज नाही देणार. काहीच वाजवू नको म्हणावं. नुसता ये."

लासलगावचा बाजार म्हणजे कांद्याच्या गाड्या, धुरळा आणि ओरडा. मी दोन दाढा काढल्या आणि तिसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं, कारण रस्त्यावरून तंबूवाल्यांचा छकडा येताना दिसला. दोन्ही बाजूंना रंगीत पाट्या, पुढे पत्र्याचा भोंगा घेतलेला एक पोरगा खेळाची जाहिरात करतोय आणि मागे, पाट्यांच्या मधे, पोत्यावर इस्माईल. हातात क्लॅरोनेट. वाजवत होता. कवळी नव्हती. ओठ आत दुमडून हिरड्यांवर तोंडी धरली होती आणि त्यातून खालचे दोनतीन सूर तेवढे निघत होते, तेही छकड्याच्या हिसक्याने तुटत होते. भोंग्यापुढे ते कुणाला ऐकू जात नव्हते. ऐकायचं म्हणून कुणी थांबलंही नव्हतं. मला रडू फुटलं. त्या बाजारात, हातात चिमटा घेऊन.

छकडा पाण्यासाठी थांबला तसा मी जवळ गेलो. त्याने मला बघितलं आणि हात तोंडावर नेला.

"इस्माईल, मामूंनी बोलावलंय. म्हणालेत, काही वाजवू नको, नुसता घरी ये."

मग त्याचा हात तोंडावरून खाली आला. "काही वाजवू नको?" त्याने विचारलं. "म्हणजे त्यांना ठाऊक आहे?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हो."

"कधीपासून?"

"आधीपासून. तू बोळात थांबलास त्याच्याही आधीपासून."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मग मी त्यांना गाढव म्हणालो तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं? आणि ऐकून घेतलं त्यांनी?" मी मान हलवली. "मग मी हे कशासाठी केलं, डॉक्टरसाहेब? थेटर, बाकडं, ही धूळ? कुणापासून लपवत होतो मी?" पोत्याचं टोक त्याने मुठीत आवळलं होतं. मी म्हणालो, "चल, आत्ताच्या गाडीने जाऊ. माझ्याबरोबर चल."

"नाही. आता तर नाहीच. आता ते माझ्याकडे बघतील आणि मला कळेल की त्यांना कळलंय. रोज. जेवताना." पुढच्या पोराने हाक मारली, "ए चाचा, वाजव की!" इस्माईलने वेताची पत्ती जिभेवर ओली केली. "सांगा त्यांना, इस्माईल भेटलाच नाही. छकडा निघून गेला होता म्हणावं." बैल हलले. पाट्यांच्या मधून मला त्याची पाठ दिसत राहिली आणि मग कांद्याच्या गाड्या आडव्या आल्या.

दुसऱ्या दिवशी मी दूधबाजारात गेलो. मामू ओट्यावर बसून पोरांकडून पितळ घासून घेत होते. मला बघून त्यांनी पोरांना आत पिटाळलं.

"भेटला?"

"नाही भेटला, मामू. मी पोचेपर्यंत छकडा निघून गेला होता."

त्यांनी मान हलवली. घासायचं फडकं उचललं, हातातल्या हातात उलटंपालटं केलं. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "बरं वाजवत होता का?"

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकलो.

"हो मामू," मी म्हणालो. "पूर्वीसारखंच."